गोष्ट सगळ्यांची, चित्र कोणाचं?

 

गटाची बैठक सुरू असते, हप्त्यांचं वाचन चाललेलं असतं आणि मांडीवरचं पोर कुरकुर करायला लागतं. मग आपण काय करतो? मोबाइल काढतो आणि कार्टून लावून देतो. पोर गप्प, बैठक पुढे. त्या छोट्या पडद्यावर कधी हनुमान उडत असतो, कधी भीम लाडू खात असतो, कधी मोगली या झाडावरून त्या झाडावर जात असतो. आपण तिकडे बघतही नाही. पोरांचा खेळ म्हणून सोडून देतो.

आज आम्ही त्या खेळामागचा इतिहास सांगणार आहोत. ही हलणारी चित्रं कोण काढतं? नेहमी ओळखीचीच गोष्ट का निवडतात? निवडल्यावर तिच्यातलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं हे कोण ठरवतं? आणि पैसा कोणाच्या खात्यात जातो? शेवटचा प्रश्न आपल्याला चांगला कळतो. म्हणून हा विषय वाटतो तितका लांबचा नाही.

आधी हिशेब

हलणारं चित्र खरं म्हणजे हलत नाही. थोडा थोडा फरक असलेली चित्रं भराभर एकामागून एक दाखवली की आपल्या डोळ्याला ती हलल्यासारखी वाटतात. वहीच्या कोपऱ्यावर चित्रं काढून पानं फरफर सोडायचा खेळ आपल्यापैकी काही जणींनी शाळेत खेळला असेल. तेच मोठ्या प्रमाणावर केलं की ॲनिमेशन होतं.

सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं सरकतात. मिनिटाला झाली १,४४०. दीड तासाचा सिनेमा धरला तर १,२९,६००. एकेक चित्र दोनदा वापरून काम निम्म्यावर आणलं, तरी साठ-पासष्ट हजार उरतातच. आता संगणक आला, सगळंच हाताने काढावं लागत नाही, तरी शेकडो माणसं आणि काही वर्षं लागतात. एकही तिकीट विकलं जाण्याआधी हा सगळा खर्च होऊन बसलेला असतो.

आता आपल्या गटाचं उदाहरण घ्या. बँकेचं पहिलं कर्ज मिळालं, तर आपण कोणालाच माहीत नसलेल्या चवीचे पापड करतो, की बाजारात रोज मागितले जातात ते उडदाचे? पहिल्यांदा उडदाचेच करतो. स्टुडिओही तेच करतो. पैसे घालणारा आधी विचारतो, "लोक येतील का?" राम, हनुमान, मोगली अशी नावं घेतली की निम्मी जाहिरात आधीच झालेली असते.

पण ओळखीच्या गोष्टीला एक धारही असते. नवी सून सासरी पहिल्यांदा कळण्याची भाकरी आणि भरीत करते, तेव्हा पंगतीतला प्रत्येक जण परीक्षक असतो. कारण चव प्रत्येकाला ठाऊक असते. दिग्दर्शकाचंही तसंच होतं. जशीच्या तशी गोष्ट सांगितली तर लोक म्हणतात, यात नवीन काय? फार बदलली तर म्हणतात, हा आमचा हनुमान नव्हे. ओळखीच्या गोष्टीवर काम करणारा प्रत्येक जण या दोन टोकांच्या मध्ये वाट काढत आलेला आहे.

शेजारच्या जिल्ह्यातून सुरुवात

आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये दादासाहेब फाळके जन्मले. १९१३ मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आणला. तेव्हा पडद्याला आवाज नव्हता. मध्येमध्ये लिहिलेल्या पाट्या यायच्या आणि वाचता येणारे थोडेच. अशा वेळी गोष्ट आधीच माहीत असणं फार उपयोगाचं होतं. हरिश्चंद्राने राज्य का सोडलं हे पाटी वाचून कळायची गरजच नव्हती, ते कीर्तनात ऐकलेलं होतं. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही एकाच माणसाने केले, अण्णा साळुंके यांनी. चांगल्या घरच्या बायांनी पडद्यावर येणं तेव्हा कोणाला चालतच नव्हतं.

याच फाळक्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला. आगकाडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचं. पुन्हा सरकवायची, पुन्हा घ्यायचं. पडद्यावर काड्या आपोआप नाचताना दिसायच्या. आपल्या देशातल्या ॲनिमेशनची सुरुवात इथून मोजतात. आणि या सगळ्यामागे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, पैसा कमी पडला तेव्हा अंगावरचे दागिने, हे सगळं त्यांनी दिलं. फाळक्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात आलं. सरस्वतीबाईंचं नाव आपल्यापर्यंत पोहोचायला फार वर्षं गेली.

कात्री घेऊन बसलेली बाई

फाळक्यांच्या काड्यांनंतर अकरा वर्षांनी, १९२६ मध्ये, जर्मनीत एका बाईने पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट तयार केला. तिचं नाव लोटे रायनिगर. स्टुडिओ म्हणाल तर एका ओळखीच्या माणसाच्या मोटार ठेवायच्या जागेवरचा माळा. साधन म्हणाल तर कात्री आणि काळा कागद. ती कागदातून माणसं, घोडे, राक्षस कातरायची, हातपाय वेगळे कापून तारेने जोडायची, काचेवर ठेवून खालून उजेड द्यायची आणि एकेक चित्र घ्यायची. नवरा कॅमेरा सांभाळायचा. तीन वर्षं हे काम चाललं. पूर्ण लांबीच्या जुन्या ॲनिमेशनपटांपैकी आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना हाच.

तिने गोष्ट कोणती निवडली? अरबी भाषेतल्या 'हजार आणि एक रात्री'मधली. म्हणजे शेकडो वर्षं लोक एकमेकांना सांगत आलेली. त्या गोष्टीचा मालक कोणी नव्हता, त्यामुळे परवानगी कोणाची मागायची नव्हती. आपल्या सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाजाचे कलाकार चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांतून रामायण सांगतात. तत्त्व तेच, उजेड आणि सावली. गोष्टही तशीच, सगळ्यांची.

सात बुटक्यांची नावं

अमेरिकेत वॉल्ट डिस्ने नावाच्या माणसाला मालकीचा धडा मात्र महागात मिळाला. त्याने आपल्या माणसांकडून ऑस्वाल्ड नावाचा एक ससा उभा केला आणि तो लोकांना आवडला. १९२८ मध्ये जास्त पैसे मागायला गेला तेव्हा कळलं की करारानुसार ससा त्याचा नाहीच, चित्रपट पुढे विकणाऱ्या कंपनीचा आहे. त्याचे बहुतेक चित्रकारही त्यांनी आपल्याकडे वळवले होते. त्यानंतर डिस्नेने मिकी नावाचा उंदीर काढला आणि कागदावर स्वतःची मालकी कधी सोडली नाही. तो ससा डिस्ने कंपनीकडे परत यायला २००६ साल उजाडलं.

१९३७ मध्ये डिस्नेने पहिला लांब चित्रपट केला, 'स्नो व्हाइट आणि सात बुटके'. गोष्ट जर्मनीतल्या ग्रिम भावांच्या पुस्तकातली. त्या दोघा भावांनी लोकांकडून ऐकून गोष्टी लिहून घेतल्या होत्या आणि सांगणाऱ्यांमध्ये बायका पुष्कळ होत्या. पुस्तकावर नाव राहिलं ते ग्रिम भावांचं. आता यातली गंमत बघा. पुस्तकात त्या सात बुटक्यांना नावंच नाहीत. डिस्नेने प्रत्येकाला नाव दिलं, स्वभाव दिला. एक रागीट, एक लाजाळू, एक सारखा शिंकणारा. स्नो व्हाइटची गोष्ट आजही कोणीही सांगू शकतं. पण ते नावांचे, त्या टोप्यांचे सात बुटके कंपनीचे झाले.

मैत्रिणींनो, या सगळ्या धंद्याची किल्ली इथे आहे. गोष्ट मोकळी घ्यायची, तिच्यात आपलं काहीतरी घालायचं आणि त्या घातलेल्या भागावर मालकी ठेवायची.

त्या काळात डिस्नेच्या स्टुडिओत बायका होत्या, पण एका वेगळ्या इमारतीत. पुरुषांनी काढलेली चित्रं पारदर्शक पत्र्यांवर शाईने गिरवायची आणि रंग भरायचे, एवढंच काम बहुतेकींना मिळे. कल्पना लढवायचं काम बायकांना दिलं जात नाही, असं नोकरी मागणाऱ्या मुलींना पत्राने कळवलं जाई. 'बांबी' या हरणाच्या पाडसाच्या चित्रपटात, १९४२ मध्ये, रेटा स्कॉट या बाईचं नाव चित्रं हलवणाऱ्यांच्या यादीत पहिल्यांदा आलं.

सातपुड्याचा मोगली

आता आपल्या सातपुड्याकडे या. चोपडा, यावल, शिरपूरच्या बायांना रोज उत्तरेला दिसतो तोच डोंगर पुढे पूर्वेला मध्य प्रदेशात जातो. तिथल्या सिवनीच्या टेकड्यांत मोगलीची गोष्ट घडते. लिहिली रुडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाने. त्याचा जन्म मुंबईचा, १८६५ सालचा, पण पुस्तक लिहिलं अमेरिकेत बसून. 'जंगल बुक' १८९४ मध्ये छापून आलं.

डिस्नेने हे पुस्तक १९६० च्या दशकात हाती घेतलं. पहिली पटकथा पुस्तकासारखीच गंभीर होती, ती डिस्नेला पटली नाही. लिहिणाऱ्याचं आणि त्याचं बिनसलं आणि लिहिणारा सोडून गेला. नव्या माणसाला डिस्नेने पुस्तक दिलं आणि वर सांगितलं, हे वाचू नकोस. म्हणजे नाव पुस्तकाचं हवं होतं, पण ओझं नको होतं. पुस्तकातला बल्लू अस्वल कडक मास्तर आहे, जंगलाचे नियम पाठ करून घेणारा. चित्रपटात तो गाणं म्हणत फिरणारा आळशी मित्र झाला. पुस्तकातला का अजगर मोगलीच्या बाजूने लढतो, चित्रपटात तोच त्याला गिळायला बघतो. माकडांचा राजा म्हणून ओरांगउटान आणला, तो तर पुस्तकात नाहीच आणि आपल्या देशातल्या कुठल्या जंगलातही नाही. डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारला. चित्रपट १९६७ मध्ये आला आणि जगभर चालला.

जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या स्टुडिओने १९८९ मध्ये तीच गोष्ट ५२ भागांच्या मालिकेत सांगितली. १९९३ मध्ये ती दूरदर्शनवर हिंदीत आली. रविवारी सकाळी ज्या एकाच घरात टीव्ही होता तिथे अख्खी गल्ली जमायची, हे आमच्या वयाच्या सगळ्या जणींना आठवत असेल. गाणं गुलजारांचं होतं आणि शेरखानाला आवाज दिला होता आपल्या नाना पाटेकरांनी. बघा, सातपुड्याची गोष्ट, इंग्रज लेखक, जपानी चित्रं, हिंदी गाणं आणि मराठी माणसाचा आवाज. आपल्याला ती परकी वाटली नाही. पण त्या सगळ्या प्रवासात त्या डोंगरात राहणाऱ्या माणसांना, मोगली गावात येतो तेव्हा ते गाव खरंच तसं होतं का, हे विचारलं गेलं असं काही दिसत नाही. गोष्ट सातपुड्याची असली तरी सांगण्याचा हक्क दुसरीकडेच राहिला.

जपानहून आलेला राम

याच्या उलट एक गोष्ट सांगतो. युगो साको नावाचे जपानी माहितीपटकार १९८३ मध्ये उत्तर भारतात रामायणाशी जोडलेल्या उत्खननांवर काम करत होते. त्यांना रामायणाने वेड लावलं. वेगवेगळी भाषांतरं वाचून काढली आणि यावर ॲनिमेशनपट करायचा ठरवला. त्यांचं म्हणणं होतं की राम देव आहे, माणसाने त्याचं सोंग घेण्यापेक्षा चित्रातच तो नीट दिसेल.

पण आपल्याकडे शंका उठल्या. परक्या देशातला माणूस आपलं रामायण घेतोय आणि तेही कार्टून करतोय, अशा आक्षेपांना त्यांना तोंड द्यावं लागलं. कार्टून म्हणजे थट्टा, असाच तेव्हा बहुतेकांचा समज होता. भारत सरकारसोबत चित्रपट करण्याचा बेत जमला नाही. शेवटी काम जपानमध्ये झालं.

तरीही साको यांनी भारतीय माणसांना सोडलं नाही. मुंबईचे राम मोहन हे त्यांच्यासोबत दिग्दर्शक झाले. राम मोहन म्हणजे आपल्या ॲनिमेशनचे थोरले. १९५६ मध्ये मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग काढला, तिथे डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स नावाचे चित्रकार शिकवायला आले होते. राम मोहन तिथेच तयार झाले. त्या विभागाने १९५७ मध्ये जातक कथेतल्या हरणावर चित्रपट केला. जातक कथा म्हणजे आपल्या शेजारच्या अजिंठ्याच्या भिंतींवर ज्या रंगवल्या आहेत त्याच.

तर रामायणाच्या वेळी जपानी चित्रकारांना धोतर कसं नेसतात, नमस्कार कसा करतात, थोरांसमोर कसं बसतात, हे भारतीय कलाकारांनी दाखवलं. चित्रं काढणाऱ्यांचा हात जपानी, वागण्याची रीत इथली. सुमारे साडेचारशे कलाकार आणि हाताने काढलेली लाखभर चित्रं लागली. जानेवारी १९९३ मध्ये तो भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. बाबरी मशिदीनंतरचे ते अस्वस्थ दिवस होते आणि चित्रपटगृहांत त्याला तेव्हा धड जागा मिळाली नाही. तो पोहोचला टीव्हीवरून, सुटीच्या दुपारी, पुन्हा पुन्हा. ज्या पोरांनी तो तसा पाहिला, त्यांच्या मनातला राम तो झाला. पुढे २४ जानेवारी २०२५ ला तोच चित्रपट नव्याने उजळून देशभरातल्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा तीच पोरं आपापल्या लेकरांना घेऊन गेली.

मोगली आणि राम या दोन्ही गोष्टींत बाहेरचे लोक आले. फरक एवढाच की रामायण करताना त्यांनी ज्यांची गोष्ट त्यांना विचारलं, सोबत घेतलं आणि नाव दिलं.

हनुमान, भीम आणि दप्तर

त्यानंतर आपल्याकडे रांग लागली. २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांनी दिग्दर्शित केलेला 'हनुमान' आला आणि चालला. चालला म्हणून २००७ मध्ये 'रिटर्न ऑफ हनुमान' आला, त्यात अनुराग कश्यप यांनी हनुमानाला मारुती नावाचा शाळकरी पोरगा करून टाकलं. २०१८ मध्ये निलेश मुळे यांचा 'प्रभो शिवाजी राजा' हा मराठी ॲनिमेशनपट आला. २०२५ मध्ये अश्विन कुमार यांच्या 'महावतार नरसिंह'ने शेकडो कोटींचा धंदा केला, तेव्हा ॲनिमेशन फक्त पोरांचं हे म्हणणारे गप्प झाले.

पण आपल्या घरात रोज येतो तो 'छोटा भीम'. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचे राजीव चिलका यांनी तो २००८ मध्ये टीव्हीवर आणला. महाभारतातला भीम कोणाच्या मालकीचा नाही. पण ढोलकपूर गावातला, लाडू खाऊन ताकद मिळवणारा हा पोरगा कंपनीचा आहे. सात बुटक्यांची युक्ती आठवली ना?

इथे आपल्या गटांचा संबंध येतो. आपल्या कित्येक जणी शाळेची दप्तरं, फ्रॉक, राख्या, वाढदिवसाच्या टोप्या शिवतात. व्यापारी म्हणतो, "ताई, यावर ते लाडूवालं पोरगं छापून द्या, नाहीतर निळी मांजर छापा, लगेच खपेल." ऑर्डर चांगली असते, नाही म्हणवत नाही. पण त्या चित्राला मालक आहे. कंपनी परवाना देऊन, पैसे घेऊनच ते वापरू देते. परवाना नसेल तर माल जप्त होऊ शकतो आणि व्यापाऱ्यासोबत शिवणारीही अडकू शकते. म्हणून व्यापाऱ्याला सरळ विचारा, "परवाना आहे का? त्याची प्रत गटाच्या फाइलला द्या." प्रत नसेल तर तुमचा स्वतःचा भीम काढा. गदा हातात घेतलेला, तुमच्या गावच्या तालमीतला वाटेल असा. त्याला कोणी अडवणार नाही. उलट तो तुमचा होईल.

विचारून काढलेली मीना

राम मोहन यांचं आणखी एक काम आपण विसरू नये. युनिसेफसोबत त्यांनी १९९० च्या दशकात 'मीना' उभी केली. ही कुठल्या जुन्या पोथीतली नव्हती. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ अशा देशांतल्या मुलींना, आयांना चित्रं दाखवून विचारलं की ही तुमच्यातली वाटते का? कपडे कसे हवेत? नाव काय हवं? सगळ्या देशांत चालेल असं नाव मीना निघालं. भाऊ राजू आणि पोपट मिठू.

पहिल्या गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत. ती पोपटाला शाळेच्या खिडकीशी धाडते, त्याच्याकडून आकडे शिकते आणि कोंबड्या मोजून चोर पकडते. दुसऱ्या एका गोष्टीत आंब्याचा मोठा वाटा राजूला मिळतो, मग दोघं एक दिवस कामं बदलतात आणि राजूला बहिणीचं काम किती हे कळतं. आपल्या घरातला वाद आहे की नाही? पुढे उत्तर प्रदेशात मीना रेडिओवरही आली. ती आज ओळखीची झाली आहे ती मोठ्या जाहिरातीमुळे नव्हे. जिच्यासाठी काढली तिला आधी विचारलं होतं, म्हणून.

आता आपली पाळी

मैत्रिणींनो, खानदेशाकडे गोष्टींचा तोटा नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, खाऊ ओळखायला लावतात. कानबाईच्या रात्री जागतात. आखाजीला झोक्यावर गाणी होतात. हल्ली मोबाइल आणि माइक घेऊन तरुण मुलं येतात आणि म्हणतात, "आजी, एक गाणं म्हणा ना." आजी म्हणते. पुढे ते गाणं कुठे जातं, त्यावर चित्रं चढवून कोण पैसे मिळवतं, आजीला कळत नाही.

कायदा सोप्या भाषेत असा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लिखाणावर वारसांचा हक्क असतो. अमळनेरला शिकवणारे आपले साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' कोणीही छापू शकतं, त्यावर ॲनिमेशनपटही काढू शकतं. लोकगीताला असा एक मालक नसतो. पण तुमच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण ज्याने केलं, त्या मुद्रणावर त्याचा हक्क लागतो. आणि गाणारीलाही गायल्याबद्दलचे हक्क असतात, ते तुम्ही सही करून देऊन टाकले नाहीत तर.

म्हणून कोणी मुद्रण करायला आलं तर चार गोष्टी विचारा. हे कुठे वापरणार? गाणारीचं आणि गावाचं नाव देणार का? आम्हाला प्रत मिळेल का? यातून पैसे आले तर आमचा वाटा काय? कागदावर सही मागितली तर तो कागद घरी नेऊन गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचा. कर्जाचा कागद वाचतो तसाच. डिस्नेसारख्या माणसाचा ससाही करारामुळेच गेला होता.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कापणी करताना, जातं ओढताना त्या ओव्या रचत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी काही लिहून घेतल्या. त्या १९५१ मध्ये गेल्या. आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण लिहून न घेतलेल्या किती ओव्या त्यांच्याबरोबर गेल्या, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

येत्या भुलाबाईच्या महिन्यात प्रत्येक गटाने एक दोनशेपानी वही घालावी असं आम्हाला वाटतं. गाणं लिहायचं, खाली गाणारीचं नाव, गाव, कोणाकडून शिकली ते आणि तारीख. पोरींना सांगायचं, प्रत्येक गाण्याशेजारी एक चित्र काढा. आज ना उद्या एखादा स्टुडिओ खानदेशची गोष्ट शोधत येईल. किंवा आपलीच एखादी लेक कात्री, कागद आणि मोबाइल घेऊन बसेल, लोटेबाईसारखी. दोघांपैकी कोणीही आलं तरी ती वही गटाच्या पेटीत असू द्या, हप्त्यांच्या रजिस्टरशेजारी.

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. तुमच्याकडे कोणती गाणी आहेत ते आम्हाला कळवा, त्यातली काही आपण रेडिओवर गाणारीच्या नावासकट ऐकवू.